गाठ काढली, मग वाढलं कसं?

ते मशीन चालू हाय न्हवं, ताई? लाल दिवा दिसतोय खरं, पण दिवा लागला म्हणजे आत आवाज भरतोय हे कशावरनं, आमच्या नातवाच्या गाडीला बी दिवा लागतो आन् गाडी जाग्यावरनं हालत न्हाय. बरं, ऱ्हाऊ दे, सांगते. माझं नाव शेवंता. माहेर नेसरी, तिकडं गडहिंग्लजच्या अंगाला, आन् सासर हे उचगाव. माझी आई सुईण हुती. बाईच्या पोटावर हात ठेवून कितवा म्हैना हाय ते सांगायची, आन् बाईनं दुसराच म्हैना सांगितला तर बाईलाच खोटं पाडायची. तिचं सगळं कसब काय माझ्या हाताला आलं न्हाय, पण तिचा संशय मात्र सगळाच्या सगळा माझ्या वाट्याला आला. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवल्याबिगर मी कवा भांडं पुढं केलं न्हाय. आमचं मालक फौंड्रीत कामाला हुते, त्यांनी लगीन झाल्यावर एकदा माझ्यासाठी गजरा आणला, तर तो डोक्यात माळायचा सोडून मी चार दिस त्यांच्या सदऱ्याचा वास घेत फिरत हुते. त्यांनी परत गजरा आणला न्हाय. मला वाटलं, बघा, मन खात असणार म्हणून आणत न्हाईत. अशी मी शहाणी.

काम माझं बाळ-बाळंतिणीचं. बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं, बाजेखाली शेगडी ठेवायची, ओव्याची धुरी द्यायची, बाळाला पायावर आडवं घेऊन रगडायचं. उचगावातनं सकाळच्या बसनं कोल्हापुरात जायाचं आन् दिवस मावळायच्या आत घरला. पुढं पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरणी सांगायला लागल्या, शेगडी नको, धुरी नको, बाळाला एवढं रगडू नका, तसं काम कमी झालं. मला वाटायचं ह्या डॉक्टरणींचं माझ्याशी काहीतरी वाकडं हाय. पण मंगळवार पेठेतली जुनी घरं मला सोडत न्हवती, आन् त्यातलं एक घर पद्माकाकींचं.

काकी जैन. काकांचं गुळाचं दुकान हुतं, ते वारल्यावर पुतण्या बघायचा आन् घरात काकी एकट्याच. घर स्वच्छ, माणूस मोजकं बोलणारं, आन् दिवस मावळला की चूल बंद. अन्न न्हाय, पाणी न्हाय, दुसरा दिवस उगवून वर येईपर्यंत तोंडात काय बी घालायचं न्हाय. आमी जयभीमवाले. माझ्या सासूच्या काळात आमच्या बायका परड्यातनं यायच्या आन् बाळाला न्हाऊ घालून परड्यातनंच जायच्या. माझ्या येळेला मी पुढच्या दारानं जात हुते, सोप्यात बसत हुते, बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर असत हुते, फक्त सैपाकघराचा उंबरा तेवढा मी ओलांडत न्हवते. कुणी येऊ नको म्हटलं न्हवतं, आन् कुणी ये बी म्हटलं न्हवतं.

काकींना एकच लेक, रत्ना. तिला मी ह्या पायावर न्हाऊ घातलीया. काडीगत पोरगी हुती आन् मोठी झाली तशी बी काडीगतच ऱ्हायली. शिकली, पुण्याला नोकरीला लागली, बायकांच्या हॉस्टेलात ऱ्हायची, तिशी उलटली तरी लगीन करीना. पेठेतल्या बायका बोलायच्या, मी ऐकत हुते. बोलत न्हवते असं न्हाय, बोलत बी हुते.

आता ही गोष्ट दोन हजार सालाच्या पुढची. आमच्याकडं फोन न्हवता, कोपऱ्यावरच्या दुकानात काकींचा निरोप आला, शेवंताला लगेच पाठवा. मी गेले, तर काकी सोप्यात बसलेल्या, डोळं सुजलेलं. म्हणाल्या, शेवंता, रत्नाच्या छातीतली गाठ काढलीय पुण्यात. मैत्रिणीनं गाडीनं आणून सोडलं. तिला हात वर करता येत नाही, तांब्या उचलवत नाही, तू काही दिवस येऊन बस तिच्याजवळ. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, रिपोर्ट यायचाय. आमची आई गाठीनंच गेली, तुला ठाऊक आहे.

ठाऊक हुतं. मला पण गलबलून आलं, आन् मी खोलीत गेले.

रत्ना पलंगावर तक्क्यांना टेकून बसलेली, झोपायचं बी तसंच, उताणं आन् तिरकं. अंगात पुढनं हुका असलेलं घट्ट काहीतरी, त्यावर रुंद पट्टा, आन् वर शाल. मे म्हैन्यात शाल! मी म्हटलं, पोरी, बघू तरी कुठं काढलीय गाठ. ती म्हणाली, अक्का, बघायचं नाही, पट्टी आहे. मी म्हटलं, मग शेगडी आणते, कोमट एरंडेल लावून हलक्या हातानं चोळते, दुखायचं थांबंल. तशी जी किंचाळली ती, म्हणाली, हात लावायचा नाही, शेक नाही, तेल नाही, काही म्हणजे काही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मला लगेच वास आला. मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलंय का तू सांगतीयास?

आन् मग ताई, ती पाणी प्यायला जरा पुढं वाकली आन् शाल सरकली. मी बघितलं. काय सांगू तुमास्नी, मी आयुष्यभर बायकांच्या छात्या बघितलेली बाई. गाठ काढली म्हणजे एका अंगाला काढणार, आन् काढली तर तिथं कमी व्हायला पायजे का नको? हितं दोन्ही अंगाला पट्टा, आन् दोन्ही अंगाला वाढलेलं. सुजलेलं, ताठ, वर कातडी चकाकतीया. काडीगत पोरीला एवढं कुठनं आलं? असं बाईला कवा हुतं, तर दूध उतरतं तवा हुतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी बाळंत झालीया. पुण्यात. बाळ कुणाला तरी दिऊन आलीया, आन् दूध दाटलंय म्हणून दुखतंय.

त्या दिवसापासनं मी रत्नाची शेवा करत हुते का तिच्यावर पाळत ठेवत हुते, माझं मलाच सांगता याचं न्हाय. तिची उशी सारखी करायला जायाचं आन् उशीखाली बघायचं. तिचं केस विंचरताना इचारायचं, पुण्याला म्हणं थंडी लई असती, गेल्या थंडीत आली न्हाईस तू घरला. ती म्हणायची, ऑफिसात काम होतं अक्का. मी मनात म्हैने मोजायची. थंडीत आली न्हाय, बरोबर, तवा पोट दिसत असणार. सकाळी मी गेले की खोलीत ओकारीचा वास याचा, पलंगाखाली भांडं, त्यावर झाकण. रत्ना म्हणायची, रात्री जरा मळमळलं. तिचं पोट बी साफ होत न्हवतं, आन् जोर करायला गेलं की छातीत कळ मारायची, तोंड पांढरं पडायचं. मी हे सगळं एकाला एक जोडत हुते आन् जुळत हुतं बघा सगळं! आता हसू येतं. ओकाऱ्या बाळंतपणाच्या आधी असतात का नंतर, एवढं तरी माझ्या आईच्या लेकीला कळायला पायजे हुतं.

गोळ्यांची एक पिशवी हुती तिच्या उशाला. एक लाल-पिवळी कॅप्सूल, एक पांढरी लांबट, आन् एक बारकी, ती घेतली की रत्ना गुंगायची आन् जीभ जड व्हायची. मला त्या बारकीचा संशय. एक रिकामं पाकीट मी कमरेला खोचलं आन् उचगावच्या औषधाच्या दुकानात गेले. म्हटलं, बाबा, ही दूध आटवायची गोळी हाय का? त्यानं उलटंसुलटं करून बघितलं, म्हणाला, आज्जी, ही दुखण्यावरची हाय, जोरातली, कुणाला दिलीया? आता काय सांगायचं? मी म्हटलं, म्हशीला. तो म्हणाला, म्हशीला एका गोळीनं काय हुतंय.

घरी मालकांना सांगितलं. ते भाकरी खात हुते. म्हणाले, तुला काय करायचंय? मी म्हटलं, बाळ कुठं हाय ते शोधायला नगं? ते म्हणाले, काकींनी तुला तांब्या उचलायला बोलावलंय, तांब्या उचल. मी म्हटलं, तुमी बाप्ये सगळे एक, आन् तिथनं भांडण गजऱ्यावर गेलं ते जाऊ दे.

दुसऱ्या दिशी मी बसमधनं उतरले आन् मोगऱ्याच्या कळ्यांचा एक पुडा घेतला. आमच्याकडं दूध आटवायचं असलं की मोगरा छातीला बांधतात, आईनं कितीदा बांधलेला मी बघितलाय. पण रत्नाला कसं सांगायचं? मी पुडा तिच्या मांडीवर ठेवला आन् लई जाणतेपणानं म्हटलं, पोरी, मी काय इचारत न्हाय. हे घे. काय करायचं ते तुझं तू समजून घे. ती माझ्याकडं बघून गोड हसली, म्हणाली, अक्का, किती गं तुझा जीव माझ्यावर. आन् मी न्हाणीतनं पाणी घिऊन परत येते तर बाईनं दोऱ्यात ओवून कळ्या वेणीला लावून घेतलेल्या! हात वर जात न्हवता म्हणून वेणी खांद्यावरनं पुढं घेतली हुती.

मग मला ऱ्हावलं न्हाय. दार लोटलं, तिच्याजवळ बसले आन् म्हटलं, रत्ना, मी तुला ह्या पायावर न्हाऊ घातलीया, माझ्यापासनं लपवू नगंस. ल्योक का लेक?

ती म्हणाली, काय?

मी म्हटलं, बाळ. ल्योक झाला का लेक? आन् कुणाला दिऊन आलीस?

तिला हसू फुटलं. हसू फुटलं तशी दोन्ही हातांनी उशी छातीला दाबून धरली, म्हणाली, अगं आई गं, अक्का, हसवू नको, हसवू नको, फाटतंय सगळं. डोळ्यातनं पाणी येतंय, हसतीया आन् कण्हतीया, कण्हतीया आन् परत हसतीया. मी आपली बसलीया तोंड फुगवून. मग ती शांत झाली, मला जवळ बोलावलं, आन् पुढचा एक हूक काढून दाखवलं. खाली बारीक चीर, टाके. म्हणाली, अक्का, बाळ नाही आणि गाठ पण नाही. आत भर घातलीय. ऑपरेशन करून मोठं करून घेतलंय.

मला आधी कळलंच न्हाय. मी म्हटलं, कुणी?

म्हणाली, डॉक्टरनं.

तसं न्हवं, करायला कुणी सांगितलं? कुठल्या बाप्यानं?

म्हणाली, कुणी नाही. मला पाहिजे होतं.

मी म्हटलं, कुणासाठी?

म्हणाली, माझ्यासाठी, अक्का.

माझा काय इस्वास बसला न्हाय. एवढी कळ काढायची, छातीवर पाटा ठेवल्यागत हुतंय म्हणत तिरकं बसून रात्र काढायची, हात वर जात न्हाय, निम्मी कातडी बधिर, आन् म्हणं माझ्यासाठी! असं कोण करतं? मी म्हटलं, मग गाठ कशाला सांगितलीस आईला? ती म्हणाली, खरं सांगितलं असतं तर आईनं घरात घेतलं असतं का? आणि हॉस्टेलात मला बादली कोण उचलून देणार? वाटलं, बारकी गाठ म्हणावं, चार दिवसांनी रिपोर्ट चांगला आला म्हणावं, झालं.

मी म्हटलं, आन् ओकाऱ्या?

तर त्याचं असं. पांढरी गोळी दिवसात तीनदा, जेवल्यावर, आन् ती बारकी दुखणं सोसंना तवा, तीही पोटात काहीतरी घालून. पण ह्या घरात दिवस मावळला की चूल बंद, आन् आई शेजारच्या खोलीत. मग रात्रीची गोळी रत्ना चोरून घ्यायची, शालीखाली लपवलेल्या घोटभर पाण्यावर, रिकाम्या पोटी. आन् ती पोटात पेटायची. मग ओकारी, आन् ओकारीला जोर लागला की छातीत आग. भ्याली आन् दोन दिवस रात्रीची गोळी घेतलीच न्हाय, तर दुखण्यानं टक्क जागी. मी म्हटलं, अगं, दवाखान्यात इचार की! तिच्याकडं त्यो मोबाईल हुता, नवा आलता तवा. तिनं लावला, पुण्याच्या दवाखान्यातली सिस्टर फोनवरनंच ओरडली. म्हणाली, रिकाम्या पोटी गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना विचारून वेळा बदलून देते, शेवटची तुमच्या संध्याकाळच्या जेवणावरच घ्या. एवढी सोपी गोष्ट, पण इचारायची लाज! मी म्हणाले, तुमी शिकलेल्या बायका, आन् ती माझ्याकडं बघून म्हणाली, म्हशीला गोळी कुणी दाखवली? मीच तिला सांगितलं हुतं मघाशी, तोंड ऱ्हात न्हाय माझं.

पण ताई, खरं दुखणं पुढंच हुतं. त्याच दिवशी दुपारी मी सोप्यात आले तर काकी जपाची माळ हातात धरून भिंतीला टेकलेल्या, कपाळावर घाम, वठ पांढरं. हात धरला तर गार. काकींना साखरेचा आजार, रोज गोळी. मी म्हटलं, काकी, काय खाल्लंसा आज? म्हणाल्या, काही नाही. काल? काल पण नाही. मग हळूच म्हणाल्या, बस्तीच्या मंदिरात देवापुढं बोलून आलेय, रत्नाचा रिपोर्ट चांगला आल्याशिवाय अन्न घेणार नाही. दिवसा उकळलेलं पाणी तेवढं.

मी म्हटलं, आन् साखरेची गोळी?

ती घेते ना रोज, म्हणाल्या. डॉक्टरांनी चुकवू नका म्हटलंय.

एका खोलीत लेक रिकाम्या पोटी गोळी घेतीया, दुसऱ्या खोलीत आई रिकाम्या पोटी गोळी घेतीया, आन् मधी मी मोगरा घिऊन हिंडतीया! आन् ज्या रिपोर्टासाठी बाईनं अन्न सोडलंय त्यो रिपोर्ट कधी यायचाच न्हाय. गाठच न्हाय तर रिपोर्ट कशाचा?

मी तशीच आत पळाले. रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, थांब. मोबाईल हातात घेतला आन् तिथनंच मोठ्यांदा म्हणाली, आई, पुण्याहून फोन आला, रिपोर्ट एकदम चांगला आहे! सोप्यातनं काकी म्हणाल्या, फोनवर कुणीही काहीही सांगतं. कागद येऊ दे. कागद बघून जेवीन.

आता कागद कुठनं आणायचा? रत्ना म्हणाली, मैत्रिणीला सांगून करून घेते, दोन दिवस लागतील. मी म्हटलं, दोन दिवस? बाहेर बघ. समोरच्या घराच्या गच्चीवर ऊन चढलं हुतं, दिवस कलला हुता. मी म्हटलं, दिवस मावळायच्या आत त्यांनी खाल्लं न्हाय तर उद्या सकाळपर्यंत पाणी बी न्हाय. त्यांचा हात गार लागतोय रत्ना, आन् साखर उतरवणारी सकाळची गोळी पोटात हाय. तुला कशाची भीती वाटतीया ते मला कळतंय, पण आता मला त्यांची भीती वाटतीया.

रत्ना उठली. तुमास्नी सांगते, उठायला तिला हातांचा जोर लावता येत न्हवता, पाय खाली सोडून मी तिला कमरंला धरून उभी केली. काकी तवर सैपाकघरात गेल्या हुत्या, लेकीसाठी ताट करायला. स्वतः उपाशी, लेकीला भात. आमी दोघी तशाच चालत चालत आत गेलो, मी तिला धरलेली, सोडली असती तर पडली असती.

रत्ना म्हणाली, आई, गाठ नव्हतीच. रिपोर्ट नाहीच आहे. मी खोटं सांगितलं. आन् काय करून घेतलंय ते एका दमात सांगून टाकलं.

काकींनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. पण काकी शांतपणे म्हणाल्या, मला जेवायला लावायला हे नाटक करताय. शेवंता, तू पण तिला सामील? असलं अभद्र बोलून माझा उपास मोडायचा? म्हणजे रिपोर्ट वाईट आलाय. हो ना? वाईट आलाय!

बघा आता! मला वाटायचं कोल्हापुरात संशय घ्यावा तर मीच. खरं सांगितलेलं काकींना खोटं वाटलं. रत्ना रडायला लागली, आन् रडू आलं की छातीला हिसका, परत कळ. काकींना वाटलं लेक मरणाला भिऊन रडतीया, त्या बी रडायला लागल्या. खिडकीतलं ऊन माळ्यावरच्या डब्यापर्यंत वर सरकलेलं.

मग मीच रत्नाचा पुढचा हूक काढला. इचारलं बी न्हाय. म्हटलं, काकी, हिकडं बघा. गाठ काढली तर कमी व्हायला पायजे की! ही तुमची काडी, मी न्हाऊ घातलेली. आता बघा आन् सांगा, काढलंय का घातलंय?

काकींनी बघितलं. लई येळ बघितलं. मग हात पुढं केला, मला वाटलं आता मारतात. पण त्यांनी बोट पट्ट्याच्या कडंला लावलं, तिथं कातडी लाल होऊन वळ उठला हुता. म्हणाल्या, हे फार आवळलंय.

तेवढंच. मग पाठ फिरवली, भातात गरम पाणी घालून मऊ केला, वर तूप. तीन ताटं वाढली. म्हणाल्या, बसा दोघी. माझ्या नजरेसमोर. रत्नाला म्हणाल्या, गोळी कुठाय? आण. आता खाऊन घे. रत्नानं घास घेतला, मग काकींनी घेतला. खाता खाता भिंतीकडं बघून म्हणाल्या, मी तुला काय कमी केलं होतं? रत्ना म्हणाली, काही नाही आई. मला पाहिजे होतं. काकींनी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायल्या, खिडकीकडं बघितलं. डब्यावरचं ऊन गेलं हुतं.

त्यानंतर रत्ना पुण्याला परत जाईपर्यंत काकी तिच्याशी थेट बोलल्या न्हाईत. समोरासमोर बसायच्या आन् मला सांगायच्या, शेवंता, तिला विचार गोळी घेतली का. मी म्हणायची, रत्ना, गोळी घेतलीस का? ती म्हणायची, घेतली म्हणून सांग. मी म्हणायची, घेतली म्हणं. काकी म्हणायच्या, ऐकलं मी, बहिरी नाही. आन् रोज दिवस मावळायच्या आधी ताट तयार, गोळी ताटाच्या कडंला काढून ठेवलेली. हळूहळू ती बारकी गोळी बंद झाली, पांढरी कमी झाली, ओकारी गेली, रत्ना हात खांद्यापर्यंत न्यायला लागली. एकदा वेणी स्वतःची स्वतः घातली तवा आतल्या खोलीतनं काकी चोरून बघत हुत्या. मी त्यांना बघत हुते.

आन् एक सांगायचं ऱ्हायलं. त्या दिवसाच्या दुसऱ्या दिशी मी नेहमीगत सैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून म्हटलं, काकी, पाणी तापलं का? काकी चुलीकडं तोंड करूनच म्हणाल्या, काल आत आलतीस की. मी म्हटलं, आलते. तर म्हणाल्या, मग आज बाहेर काय करतीस? बघ जा तुझी तू, तापलंय का. मला त्यात बी आधी संशयच आला. म्हटलं, काल बघितलेलं मी कुठं बोलू नये म्हणून तर न्हवं? पण गेले आत. आन् पेठेत कुणाला बोलले बी न्हाय, हे आज पहिल्यांदा तुमच्या मशीनमधी बोलतीया, ते बी रत्नानंच सांगितलं म्हणून, अक्का सांग तू, माझं नाव बदल म्हणजे झालं. बदललंय. काकींचं बी बदललंय. माझं मात्र खरं हाय, माझ्या येडेपणाला कशाला दुसऱ्याचं नाव लावायचं.

काकी आता न्हाईत. म्हातारपणानं गेल्या, जेवून, आन् त्या वर्साच्या दिवाळीपासनंच लेकीशी नीट बोलत हुत्या. रत्ना पुण्यातच हाय, साहेबीण झालीया, लगीन काय केलं न्हाय. तवा ती स्वतःसाठी केलं म्हणाली ते खरंच म्हणायचं की काय? पण मी अजून सोडलं न्हाय. आली की इचारते, आता तरी सांग, कोण हुता? ती हसती. आता हसलं तर दुखत न्हाय तिला, पोट धरून हसती. मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणते, सुखात ऱ्हा बाई, आन् हात फिरवता फिरवता गळ्यात काही बांधलंय का ते चाचपून बघते.

माझं काय, आता गुडघं गेलं. सून गोळी आणून देती, मी आधी पाकीट बघते, कालची गोल हुती, आज लांबट कशी? सून म्हणती, आत्या, कंपनी वेगळी. असंल. पण काय सांगता येत न्हाय. रत्नाचा फोन येतो अधनंमधनं, पयला प्रश्न, अक्का, काही खाऊन घेतलीस ना गोळी? मी म्हणते, तुझ्या आईगत दिवस मावळायच्या आधी खाते बघ, आन् मग घेते. हे बघा, ऊन दारात आलंच. सूनबाई, दोन भाकऱ्या टाक गं, एक ह्या ताईस्नी. न्हाय म्हणू नगा ताई, उपाशीपोटी ह्या घरातनं कुणी जायाचं न्हाय, एवढं मी त्या घरातनं आणलंय. देव तुमचं भलं करो म्हणायला आमी देव मानत न्हाय, पण तुमचं भलं हू दे, हातपाय धडधाकट ऱ्हाऊ देत.

आन् आधी ते मशीन माझ्याम्होरं बंद करा. केलंसा? मग त्यो लाल दिवा का जळतोय अजून?